परमुलखातील घास

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळी सुटीत धाकट्या भावाकडे, अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, काही आठवडे राहण्याचा योग आला. परतीच्या दिवशी विमानतळावर जाण्यासाठी जी टॅक्सी बोलावली, तिचे चालक साठी ओलांडलेले एक इथिओपियन गृहस्थ होते. वॉशिंग्टनच्या परिसरात यात नवल काही नाही. आफ्रिका खंडाबाहेरील इथिओपियन लोकांची सर्वांत मोठी वस्ती याच परिसरात आहे, आणि तेथील टॅक्सीव्यवसायात या मंडळींचा वाटा फार मोठा आहे. नवल वाटले ते त्यांनी विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचे. मी भारतातून आलो आहे आणि महाविद्यालयात शिकवतो, एवढे कळल्यावर ते म्हणाले, "इतके दिवस राहिलात, जेवण मनासारखे मिळाले ना?"

हा प्रश्न आपण प्रत्येक नवख्या माणसाला विचारतो, असे त्यांनी पुढे सांगितले. परदेशातून आलेल्याला नोकरी लागली का, घर मिळाले का, याची चौकशी करणारे पुष्कळ भेटतात. 'जेवलास का' असे विचारणारा सहसा भेटत नाही. ते स्वतः १९८३ साली सुदानमधील निर्वासितांच्या छावणीतून अमेरिकेत आले, तेव्हा त्यांना मिळालेल्या खोलीतील फडताळ डबाबंद अन्नाने भरलेले होते. देणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्यास जागा नव्हती. परंतु डब्यात डुकराचे मांस असेल या भीतीने अर्धे डबे उघडलेच गेले नाहीत, पाव गोड लागे, आणि पहिले दोन महिने त्यांनी उकडलेली अंडी, केळी आणि भात यांवर काढले. "पोट भरत होते, जेवण होत नव्हते," हे त्यांचे शब्द.

विमानतळ येईपर्यंतच्या पाऊण तासात झालेले हे संभाषण प्रस्तुत लेखकाच्या मनातून अद्याप गेलेले नाही. त्याला एक कारण अर्थशास्त्राच्या अध्यापकाचे आहे आणि दुसरे अधिक खाजगी, काहीसे अपराधी भावनेचे आहे. दुसऱ्याकडे शेवटी येऊ.

रुचीचे अर्थशास्त्र

'जसा देश तसा वेश' असे आपण सहज म्हणून जातो. म्हण वेशापुरतीच थांबते, हे तिचे शहाणपण आहे. माणूस परमुलखात गेला की वेश काही दिवसांत बदलतो. भाषा काही वर्षांत बदलते. अन्न मात्र सर्वांत शेवटी बदलते, आणि पुष्कळदा पहिल्या पिढीच्या हयातीत बदलतच नाही. याला आपण सवय म्हणतो, हट्ट म्हणतो, फार झाले तर जिभेचे चोचले म्हणतो. अर्थशास्त्रज्ञांनीही या प्रश्नाकडे दीर्घकाळ पाठच फिरवली होती. आवडीनिवडी गृहीत धराव्यात आणि किंमत व उत्पन्न यांच्या आधारे माणसाच्या वर्तनाचा उलगडा करावा, अशी आमच्या शास्त्राची रीत. जॉर्ज स्टिगलर आणि गॅरी बेकर या दोन नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी १९७७ साली तर असे प्रतिपादन केले, की आवडीनिवडी माणसामाणसांत फारशा भिन्न नसतात आणि लहरीप्रमाणे बदलतही नाहीत. जो फरक दिसतो, तो किमती आणि उत्पन्न यांच्यातील फरकाचा.

या भूमिकेला तडा देणारा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच देशातील आकडेवारीवर झालेला आहे. डेव्हिड अॅटकिन या अर्थशास्त्रज्ञाने राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आधारे भारतातील आंतरराज्य स्थलांतरितांच्या आहारखर्चाचा अभ्यास केला आणि तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा, की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेले कुटुंब अन्नावर खर्च केलेल्या प्रत्येक रुपयामागे शेजारच्या स्थानिक कुटुंबापेक्षा कमी उष्मांक मिळवते. कारण ते जन्मगावचे धान्य सोडत नाही, आणि ते धान्य नव्या गावी महाग असते. कुपोषणाच्या उंबरठ्यावरील कुटुंबेही याला अपवाद नाहीत. पती आणि पत्नी दोघेही परप्रांतीय असतील, तर ही तूट अधिक वाढते.

या निष्कर्षाचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. गरीब माणसाला हिशेब कळत नाही, असा तो नव्हे. हिशेब कळूनही जो माणूस अर्धपोटी राहून स्वतःच्या गावचे धान्य विकत घेतो, त्याच्या लेखी त्या धान्याचे मोल उष्मांकांपलीकडचे असले पाहिजे. देशांतर्गत स्थलांतराची ही कथा असेल, तर समुद्र ओलांडून गेलेल्या माणसाला ही किंमत किती पडत असेल, याची कल्पना करता येईल. इथिओपियन निर्वासितांचा अनुभव या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे.

आंबट भाकरीची गोष्ट

इथिओपियात १९७४ साली सम्राट हेले सेलासी यांची सत्ता लष्कराने उलथून टाकली. १९७७-७८ मधील 'लाल दहशती'त सहस्रावधी तरुणांचे बळी गेले आणि सुशिक्षित वर्ग मिळेल त्या वाटेने देशाबाहेर पडू लागला. अमेरिकेने १९८० साली निर्वासितांसंबंधीचा नवा कायदा केला, आणि त्यानंतर सुदानमधील छावण्यांतून अनेक इथिओपियन तिकडे पोहोचले. हा माणूस सोबत पदवी नेऊ शकत होता, धर्म नेऊ शकत होता. परंतु त्याची रोजची भाकरी त्याला नेता येण्यासारखी नव्हती.

ही भाकरी म्हणजे इंजेरा. मराठी वाचकाला तिची ओळख करून देणे अवघड नाही. आपल्या आंबोळीची थोरली बहीण, असे तिचे वर्णन करता येईल. टेफ नावाच्या धान्याचे पीठ पाण्यात कालवून, आधीच्या पिठावर सुटलेले आंबट पाणी त्यात विरजणासारखे घालून, ते दोन-तीन दिवस आंबू देतात. मग दोन हातांच्या कवेत मावेल एवढ्या मातीच्या तव्यावर ते गोलाकार ओततात आणि वर झाकण ठेवतात. इंजेरा उलटायची नसते. तिच्या वरच्या अंगाला जाळी पडते, आणि त्या छिद्रांना तिकडे 'डोळे' म्हणतात. ज्या इंजेराला डोळे नीट पडले नाहीत, ती करणारीचा हात अजून बसलेला नाही असे समजावे. ही भाकरी ताटात पसरून तिच्यावरच कालवणे वाढतात. म्हणजे ती ताटही असते, चमचाही असते आणि अन्नही असते.

कालवणांचे वर्णन वाचून तर आपल्याला घरीच बसल्यासारखे वाटेल. मसुराची तिखट आमटी, पालेभाजी, आणि भाजलेल्या हरभऱ्याच्या मसालेदार पिठाचे घोटलेले कालवण. या शेवटच्या पदार्थाचे नाव 'शिरो' असले, तरी तो गोड नव्हे. ते आपले पिठलेच. इथिओपियातील ख्रिस्ती परंपरेत बुधवार, शुक्रवार आणि ईस्टरपूर्वीचे पंचावन्न दिवस धरून वर्षातील जवळजवळ निम्मे दिवस उपवासाचे असतात. त्या दिवशी मांस, अंडी, दूध आणि लोणीही वर्ज्य असते. मग स्वयंपाकाला तेल लागते, आणि तेथील एक प्रमुख तेलबी म्हणजे आपले कारळे. ज्या कारळ्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच्या शास्त्रीय नावातच अॅबिसीनियाचा, म्हणजे इथिओपियाचा, उल्लेख आहे. मूळ तिकडचेच ते पीक. आपली नाचणीही पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातून आलेली आहे, ज्वारी ईशान्य आफ्रिकेतील आणि बाजरी पश्चिम आफ्रिकेतील. ज्या अन्नाला आपण अस्सल मराठी मातीचे म्हणतो, त्यातील बरेचसे अन्न फार प्राचीन काळी परमुलखातून येऊन येथे रुजलेले आहे, याची आठवण ठेवणे बरे.

अडचण होती ती टेफची. हे दाणे इतके बारीक असतात, की एका ग्रॅममध्ये अडीच-तीन हजार मावतात. अमेरिकेतील दुकानदाराने हे नावही ऐकलेले नव्हते. तेव्हा आरंभीच्या निर्वासितांनी मिळेल ते हाताशी धरले. फुगवण्याची पूड मिसळलेला तयार मैदा, त्यात कधी मक्याचे, कधी सातूचे पीठ. आंबवण्यास सवड नसेल तर बाटलीतील सोडावॉटर. वर बुडबुडे आले, म्हणजे डोळे पडल्यासारखे दिसत. आमच्या टॅक्सीचालकांच्या खोलीत सहा तरुण राहत. त्यांच्यातील एकाची बहीण आली, आणि तिने अशी पहिली इंजेरा केली. "आंबटपणा नव्हता, रंग पांढराफटक होता. पण हाताने तुकडा तुटला, आणि त्या तुकड्यात कालवण धरता आले," असे ते म्हणाले. अन्नात चव आणि पोषण यांखेरीज हाताची एक ओळखीची हालचालही असते, हे यापूर्वी कधी सुचले नव्हते.

बाजार धावून आला

पुढील कथा बाजारव्यवस्थेच्या समर्थकांना आवडावी अशी आहे. वेन कार्ल्सन नावाचा एक अमेरिकन जीवशास्त्रज्ञ सत्तरच्या दशकात इथिओपियात काम करून आला होता आणि तेथे त्याने इंजेरा चाखली होती. अमेरिकेच्या वायव्येकडील आयडाहो राज्यात, स्नेक नदीच्या खोऱ्यात, त्याला इथिओपियासारखी भूरचना आणि हवा आढळली. त्याने तेथे टेफ पेरून पाहिले आणि ऐंशीच्या दशकात ते पीठ इथिओपियन निर्वासितांना विकण्यास आरंभ केला. याच सुमारास वॉशिंग्टनच्या अॅडम्स मॉर्गन भागात, आणि पुढे यू स्ट्रीटच्या परिसरात, इथिओपियन उपाहारगृहे उभी राहिली. नॉर्वेहून आलेल्या जुन्या स्थलांतरितांची 'लेफ्सा' नावाची पातळ पोळी भाजण्यासाठी अमेरिकेत एक मोठा, गोल, विजेवरचा तवा मिळत असे. इथिओपियन गृहिणींनी तो हेरला आणि इंजेरासाठी आपलासा केला. एका स्थलांतरिताची सोय दुसऱ्याच्या अशी उपयोगी पडली. आज त्या शहरात इंजेरा खाणारे गोरे गिऱ्हाईक ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

मागणी निर्माण झाली की पुरवठा होतो, हे आम्ही वर्गात शिकवतो, आणि येथे तसे झाले. परंतु फळ्यावर काढलेल्या आलेखात दोन गोष्टी दिसत नाहीत. पहिली गोष्ट काळाची. मागणीचे बाजारात रूपांतर होण्यासाठी गिऱ्हाइकांची काही एक संख्या एकत्र वसावी लागते. ती होईपर्यंतची सारी वर्षे पहिल्या मंडळींनी उकडलेल्या अंड्यांवर काढलेली असतात. ज्या गावात असे एकच कुटुंब राहते, तेथे बाजार कधीच धावून येत नाही. दुसरी गोष्ट श्रमाची. पीठ आंबवणे, तव्यापुढे उभे राहणे, मसाला कुटणे हे काम त्या बहिणीने आणि तिच्यासारख्या स्त्रियांनी दिवसाची नोकरी सांभाळून केले. तो खर्च कोणत्याही हिशेबात मांडला गेला नाही.

शिवाय शेजाऱ्यांचा प्रश्न होता. लाल मिरचीचा त्यांचा 'बर्बरे' नावाचा मसाला भाजला, म्हणजे खाटाच उठतो. धुराची सूचना देणारी घंटा वाजते, शेजारी दार ठोठावतात, घरमालकाची चिठ्ठी येते. भावाच्या घरी मोहरीची फोडणी करण्यापूर्वी वहिनी त्या घंटेखाली पंखा लावून ठेवते, हे पाहिलेले असल्याने हा भाग मला समजावून सांगावा लागला नाही.

मायदेशातील ताट

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. स्थलांतरिताला आपल्या मातीतील धान्य हवे असते. पण ते धान्य निर्यात होऊ लागले, की मायदेशातील गरिबाच्या ताटातील भाकरी महागते. या भीतीपोटी इथिओपियाच्या सरकारने २००६ साली टेफच्या निर्यातीवर बंदी घातली. पुढे ती मर्यादित प्रमाणात सैल करण्यात आली. मधल्या काळात तयार इंजेरा मात्र आदिस अबाबाहून विमानाने अमेरिकेत जात असे, कारण बंदी धान्याला आणि पिठाला होती, भाजलेल्या भाकरीला नव्हती. आदिस अबाबातील गरीब कुटुंबे टेफ परवडत नाही म्हणून त्यात ज्वारी-मका मिसळतात, आणि त्याच शहरातील भाकरी विमानात बसून परदेशी जाते, यातील विसंगती कोणाच्याही ध्यानात येईल. तरीही परदेशातील मुलाने आईच्या हातची चव मागू नये, असे म्हणवत नाही.

आपल्याला हा पेच अपरिचित नाही. भारत सरकारने जुलै २०२३ मध्ये बासमतीखेरीज अन्य पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा अमेरिकेतील भारतीय दुकानांपुढे तांदळाच्या पिशव्यांसाठी झुंबड उडाली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये ती बंदी उठली. परंतु त्या काळात खरी ओढ बसली ती आपल्या तांदळावर विसंबून असलेल्या पश्चिम आफ्रिकेतील देशांना, याची चर्चा आपल्याकडे अभावानेच झाली.

टेफच्या बाबतीत आणखी एक प्रकार घडला. एका डच कंपनीने टेफच्या पिठावरील प्रक्रियेचे युरोपातील एकाधिकार मिळवले. शतकानुशतके त्या पिठाची भाकरी करणारा देश बघत राहिला. २०१८ साली हेग येथील न्यायालयाने, यात नवा शोध काहीच नाही असे सांगून ते एकाधिकार नेदरलँड्सपुरते रद्द ठरवले. पण तेही दोन डच कंपन्यांच्या आपसांतील वादातून. आपल्या हळदीवर अमेरिकेत १९९५ साली असेच एकाधिकार दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने झुंज दिली, म्हणून १९९७ मध्ये ते रद्द झाले. आपल्यापाशी झुंज देणारी संस्था होती, इथिओपियाचा लढा दुसऱ्याच कोणी, स्वतःच्या कारणासाठी लढला, एवढाच फरक.

एका ताटातील जेवण

मग नव्या देशाचे अन्न स्वीकारून मोकळे व्हावे, हा सोपा उपाय नव्हे काय? हा उपायही निर्धोक नाही. इथिओपियातील ज्यू समाजाला १९८४-८५ आणि १९९१ साली विमानांनी इस्रायलमध्ये आणण्यात आले. आले तेव्हा त्यांच्यात मधुमेह जवळजवळ नव्हता. काही वर्षांतच तो झपाट्याने वाढल्याचे तेथील वैद्यांना आढळून आले. मैद्याचा पाव, साखर, गोड पेये आणि थांबलेली पायपीट हे सारे एकदम अंगावर आले होते. जुने अन्न महाग आणि दुर्मीळ, नवे अन्न स्वस्त आणि घातक, अशा कात्रीत गरीब स्थलांतरित सापडतो. मुलांना शाळेत इतरांसारखा डबा हवा असतो, आणि आईच्या हातची आंबट भाकरी त्यांना चारचौघांत लाजिरवाणी वाटू लागते. ही लाज शिकवावी लागत नाही. एका मुलाने नाक मुरडले तरी पुरते.

या साऱ्या प्रवासात हरवले काय, असे मी त्या गृहस्थांना विचारले. मला वाटले होते, ते एखाद्या पदार्थाचे नाव सांगतील. त्यांनी 'गुर्शा' हा शब्द सांगितला. गुर्शा म्हणजे घास. इथिओपियात एका ताटाभोवती सारे बसतात, आणि आपल्या हाताने घास करून शेजाऱ्याच्या तोंडात भरवणे हे स्नेहाचे व आदराचे लक्षण मानतात. पाहुण्याने तो नाकारायचा नसतो. "आता टेफ मिळते, शिरो मिळतो, सगळे मिळते," ते म्हणाले. "पण मी रात्री गाडी चालवतो, बायको दिवसा रुग्णालयात काम करते, मुले आपल्या वेळेला जेवतात. एका ताटात बसायला रविवार उजाडावा लागतो." आपल्याकडे लग्नात वधूवरांनी एकमेकांना घास देण्याची रीत आहे आणि लहान मुलाला काऊचिऊचा घास भरवण्याची आहे. त्यांचे हे दुःख समजण्यासाठी आपल्याला शब्दकोश लागू नये.

आपल्या दारातील पाहुणा

विमानतळ जवळ आला, तेव्हा त्यांनी आपल्या गणिताच्या शिक्षकांची आठवण काढली. ते शिक्षक भारतीय होते. १९५०नंतरच्या तीन-चार दशकांत हजारो भारतीय शिक्षकांनी इथिओपियातील शाळांतून अध्यापन केले, आणि त्या पिढीतील कोणत्याही शिकलेल्या इथिओपियन माणसाला आपला एखादा भारतीय शिक्षक आठवतोच. यांचे शिक्षक पूर्ण शाकाहारी होते. लहानसे गाव, भारतीय असे ते एकटेच. त्यांना जेवू काय घालावे, हा गावापुढे प्रश्न पडला. मग एका बाईच्या ध्यानात आले, की उपवासाचे अन्न या गुरुजींना चालते. त्या दिवसापासून गावाने ठरवून टाकले, की गुरुजींना रोजच उपवास. सणाच्या दिवशी घरोघर मांस शिजत असे, तेव्हाही कोणीतरी गुरुजींसाठी वेगळ्या भांड्यात मसूर आणि शिरो शिजवून पोहोचवीत असे. "आम्हाला ते विचित्र वाटायचे," ते हसत म्हणाले, "पण माणूस आपल्या मुलांना शिकवायला आला आहे, तर तो जेवला पाहिजे."

आता आरंभी उल्लेखिलेल्या खाजगी कारणाकडे येतो. पुणे शहरात आफ्रिकेतील अनेक देशांचे विद्यार्थी कित्येक वर्षांपासून शिकण्यास येत आहेत. प्रस्तुत लेखक ज्या महाविद्यालयात शिकवतो, तेथील वसतिगृहातही असे विद्यार्थी असतात. काही वर्षांपूर्वी वसतिगृह समितीपुढे एक तक्रार आली. टांझानियाचा एक विद्यार्थी खोलीत विजेच्या शेगडीवर मक्याच्या पिठाची उकड शिजवतो आणि घरून आणलेली वाळवलेली बारीक मासळी भाजतो, तिचा वास सहन होत नाही, अशी ती तक्रार होती. समितीने खोल्यांत शेगडी ठेवण्यास एकमताने बंदी घातली. आगीचा धोका, असे कारण इतिवृत्तात नोंदवले गेले. ते खोटे नव्हते, पण खरे कारण वास हेच होते. ठरावाखाली माझी सही आहे. ज्याचे बालपण रत्नागिरी जिल्ह्यात सुकटीच्या वासात गेले, त्या माझी.

त्या विद्यार्थ्याने नंतर काय खाल्ले, याची चौकशी समितीतील कोणीही केली नाही. खानावळीत पोळी-भाजी मिळत होती, आणि ती चांगली होती. ती त्याला का पुरू नये, असा आमचा बिनतोड युक्तिवाद होता. व्हर्जिनियात फडताळ भरून डबे ठेवणाऱ्यांचा युक्तिवाद याहून वेगळा नसावा. सामिष खातो म्हणून मुंबईत मराठी माणसालाच घर नाकारले जाते, तेव्हा आपण संतापून वृत्तपत्रांना पत्रे लिहितो. पुण्यातील घरमालक आफ्रिकन विद्यार्थ्याला स्वयंपाकाच्या वासाचे निमित्त करून खोली नाकारतो, तेव्हा तो संताप कोठे जातो?

या विद्यार्थ्यांसाठी वेगळी खानावळ काढा, असे कोणी म्हणत नाही. त्यांच्यापैकी बहुतेकांचे मागणे फार थोडे असते. आठवड्यातून चार दिवस स्वतःचे अन्न स्वतः शिजवता यावे, असा एक कोपरा त्यांना हवा असतो. प्रत्येक वसतिगृहात धूर बाहेर टाकणारा पंखा, दोन शेगड्या आणि एक मोरी असलेले सामायिक स्वयंपाकघर असावे, आणि ते सर्वच विद्यार्थ्यांना खुले असावे. त्याचा उपयोग विदर्भातील मुलाला होईल, मणिपूरच्या मुलीलाही होईल. आगीचा धोका खोलीखोलीत लपवलेल्या शेगड्यांपेक्षा तेथे कमीच राहील. आपण या विद्यार्थ्यांकडून भारतीय विद्यार्थ्यांहून अधिक शुल्क घेतो, तेव्हा हा प्रश्न दयेचा तर नाहीच.

परत आल्यावर हा प्रस्ताव मी समितीपुढे लेखी मांडला. पहिल्या बैठकीत तो वेळेअभावी पुढे ढकलला गेला, दुसऱ्या बैठकीत खर्चाचे अंदाजपत्रक मागवण्याचे ठरले. ते अद्याप आलेले नाही. टांझानियाचा तो विद्यार्थी पदवी घेऊन केव्हाच परत गेला आहे, आणि त्याच्या खोलीत आता इथिओपियाचा एक विद्यार्थी राहतो. गेल्या आठवड्यात त्याला घरी जेवायला बोलावले होते. पत्नीने आंबोळ्या, मसुराची आमटी, पिठले आणि कारळ्याची चटणी केली होती. पिठले त्याने तिसऱ्यांदा मागून घेतले. जेवण उरकल्यावर माझ्या धाकट्या मुलीने त्याला विचारले, "दादा, आमचे जेवण आवडले का?" त्याला 'आमचे' हा शब्द नीटसा कळला नसावा. हे तर आमच्याच घरचे आहे, असे तो म्हणाला.